उधारीवरचं महायुद्ध

संगणकावर पोट असलेल्या मंडळींसाठी रविवारचा एक छोटा उद्योग सुचवतो. लिनक्समध्ये जगभरच्या टाईमझोनची जी माहिती असते, तिची मूळ फाईल इंटरनेटवर कुणालाही वाचायला मिळते. तिच्यातली 'आशिया/कोलकाता' ही नोंद उघडा. +५:३० आपल्याला पाढ्यासारखं पाठ आहे (ऑनसाईटवाल्यांशी रात्रीचे कॉल लावून लावून दुसरं काय होणार). पण या नोंदीत मध्येच +६:३० असे दोन तुकडे दिसतात. पहिला ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२, आणि दुसरा १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. म्हणजे दुसऱ्या खेपेला तीन वर्षांहून जास्त काळ अख्ख्या देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं. कारण अर्थातच दुसरं महायुद्ध.

मला हा प्रकार भारी वाटला. शाळेच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा. त्यातला भारत म्हणजे चले जाव आणि आझाद हिंद सेना. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि मोठ्या, त्याबद्दल वादच नाही. पण एकोणचाळीस कोटी लोकांचं घड्याळ पुढे सरकवलं जातं, तेव्हा ते युद्ध नुसतं 'तिकडे' चाललेलं नसतं. मग गेले काही वीकेंड मी जे मिळेल ते वाचत बसलो. सैन्याबद्दलच वाचायचं ठरवलं होतं, पण अडकलो ते हिशेबात. या युद्धात माणसं आपली गेली, माल आपला गेला, आणि त्या मालाचे पैसेही त्या क्षणी आपणच भरले. समोरून मिळाली ती चिठ्ठी. ती वटवता वटवता पुढे काय झालं, ते सांगायचंय. पण आधी माणसं.

सुरुवातच मजेशीर (म्हणजे चीड आणणारी) आहे. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाईसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर करून टाकलं की भारत जर्मनीविरुद्ध युद्धात आहे. एकाही भारतीय पुढाऱ्याला विचारलं नाही. प्रांतांमध्ये निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, त्यांनाही नाही. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. प्रोजेक्ट कुणी साईन केलं ते टीमला माहीतच नाही, डिलिव्हरी मात्र टीमनेच करायची. ओळखीचं वाटतंय ना? :)

आणि डिलिव्हरी झाली. १९३९ मध्ये भारतीय सैन्य साधारण दोन लाखांचं होतं. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. सक्तीची भरती नव्हती, त्यामुळे 'जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी फौज' असं तिचं वर्णन सगळीकडे सापडतं. त्या 'स्वयंसेवी' शब्दाकडे मी जरा तिरक्या नजरेने बघतो. कोरडवाहू जमीन, चार भाऊ आणि डोक्यावर सावकार असलेला विशीतला पोरगा भरतीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याची स्वेच्छा नेमकी किती? काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जायची चाल होती, काहींना जग बघायचं होतं, आणि बहुतेकांना महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर जाणं महत्त्वाचं होतं. तरीही एकदा गेल्यावर ही माणसं लढली कशी, ते वाचताना मान आपोआप खाली जाते.

'डंकर्क' सिनेमा तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. २०१७ मध्ये आला तेव्हा त्यात भारतीय सैनिक नाहीत म्हणून बरीच ओरड झाली होती. ती बरोबर होती. फ्रान्समध्ये १९३९-४० च्या हिवाळ्यात भारतीय खेचरांच्या चार कंपन्या होत्या. ब्रिटिशांनी आपलं सैन्य मोटारींवर चढवून टाकलं होतं, आणि चिखलात, बर्फात मोटारी रुतायला लागल्यावर आठवण झाली ती आपल्या खेचरांची. डिसेंबरात मुंबई बंदरातून ही मंडळी निघाली आणि मार्सेलला उतरली. त्यांतल्या तीन कंपन्या डंकर्कमधून सुटल्या, एक जर्मनांच्या हाती सापडली. खेचरं तिथेच राहिली.

आम्हा इंजिनिअर लोकांचा हिरो मात्र वेगळा आहे. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. बाँबे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आपल्या खडकीची पलटण. शिक्षण इंजिनिअरिंगचं. १९४१ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला अबिसिनियात इटालियन सैन्य माघार घेत होतं आणि जाताना रस्त्यात सुरुंग पेरत होतं. पाठलाग करणाऱ्या सैन्याच्या पुढे राहून हे सुरुंग शोधायचे आणि निकामी करायचे, हे भगतांचं काम. चार दिवसांत ५५ मैल रस्ता, १५ सुरुंगपेरणीच्या जागा. खालची गाडी दोनदा उडाली. स्फोटाने कानाचा पडदा फाटला. दुसऱ्या कुणाला पाठवतो म्हटलं तर हे नाही म्हणाले, कारण आता मला या सुरुंगांची पद्धत कळली आहे! त्या युद्धातला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. प्रॉडक्शनमध्ये रात्री दोन वाजता बग आला की आपण काय चेहरे करतो, ते आठवून मला उगाच लाज वाटली.

पुढच्याच महिन्यात एरिट्रियात केरेनचा डोंगर घेताना चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन लढली. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पलटणी तिथे होत्या. उभ्या कड्यावर वरून मारा होत असताना चढायचं, पाणीसुद्धा खालून पाठीवर वाहून न्यायचं. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनी फक्त कल्पना करून बघावी, पाठीवरच्या सॅकऐवजी दारूगोळा धरून.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचं एक शास्त्र काढलं आणि महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये एक पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडली. दुसऱ्या खेपेला डॉ. आंबेडकर व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. माणसं कमी पडायला लागल्यावर लढाऊ जातींचं शास्त्र आपोआप ढिलं झालं, हेही खरं. ही रेजिमेंट आजही आहे.

आता इटली. तिथे भारताच्या तीन डिव्हिजन होत्या, चौथी, आठवी आणि दहावी. सुमारे ५० हजार माणसं, त्यातली साडेपाच हजारांहून जास्त परत आली नाहीत. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी पुढे सरकत होती. मशीनगनचा मारा आला आणि तुकडीतले सगळे पडले, काही ठार, काही जखमी. उभा राहिला एकटा नाईक यशवंत घाडगे. वय २२. कुलाबा जिल्ह्यातल्या (आताच्या रायगड) माणगाव तालुक्यातला. त्याने एकट्याने त्या मशीनगनवर धाव घेतली, हातबाँब टाकून तोफ आणि तोफ चालवणारा दोघांना गप्प केलं, आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीत नवं मॅगझिन भरायला वेळ नव्हता, म्हणून तिच्याच दांड्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. घेतलेल्या ठाण्यातच तो गेला. त्याची कबर नाही, कसीनोच्या स्मारकावर नाव आहे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात तहसील कचेरीजवळ त्याचा पुतळा आहे आणि इटलीतल्या माँतोने गावात २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. मुंबई-गोवा हायवेवर माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकून आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या आहेत. पुढच्या वेळी तेवढ्या वेळात पुतळा बघून घ्या.

नगर जिल्ह्यातल्या निमजचा शिपाई नामदेव जाधव त्यानंतर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर होता. खोल पाणी, दोन्ही बाजूंना उंच बांध, त्यात मशीनगन. जखमी सोबत्यांना त्याने पाण्यातून पाठीवर पलीकडे आणून सोडलं, मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हात केला. तो जगला. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याने स्वतः घेतला.

या सगळ्यात कोकणातल्या खलाशांना मात्र कुणी विचारत नाही. रत्नागिरीची, गोव्याची, चितगावची, सिल्हेटची माणसं ब्रिटिश व्यापारी जहाजांवर बॉयलरमध्ये कोळसा घालायला, भटारखान्यात, डेकवर कामाला होती. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की सर्वांत आधी खालचा बॉयलर आणि तिथली माणसं जायची. सुमारे सहा हजार भारतीय खलाशी या युद्धात गेले. त्यांच्या नावांची वही मुंबईत आणि चितगावात ठेवलेली आहे. पुतळा कुणाचाच नाही. एकूण भारतीय सैनिकांचा मृतांचा आकडा सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास धरतात.

आणि दुसरी बाजू? फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा चाळीस हजारांहून जास्त भारतीय सैनिक जपान्यांच्या हाती गेले. त्यांतून आझाद हिंद सेना उभी राहिली, पुढे नेताजी आले, आणि १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाच्या रणात दोन्ही बाजूंनी भारतीय होते. (ब्रिटनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने २०१३ मध्ये मतदान घेतलं, त्यात ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई म्हणून हीच निवडली गेली. वॉटर्लू आणि नॉर्मंडी मागे.) आपल्याकडे सातारा जिल्हा घ्या. भरतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यात नाना पाटलांचं पत्री सरकार. सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी शेणोलीला लुटणारे आणि इटलीत त्याच सरकारसाठी लढणारे एकाच पंचक्रोशीतले. यातलं कोण देशभक्त आणि कोण नाही असला वाद मला करायचाच नाही. दोघांचीही घरं त्याच महागाईत भात शिजवत होती.

हां, तर महागाई. इथून मी अडकलो.

युद्धाला सैनिकांइतकाच माल लागतो. भारत तेव्हा ब्रिटनचा ऑफशोअर डिलिव्हरी सेंटर होता असं म्हटलं तर फार चुकणार नाही. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांतून गणवेशाचं कापड, कानपूरहून बूट, कलकत्त्याहून तागाची पोती, टाटांचं पोलाद. त्या पोलादाचे पत्रे लावून रेल्वेच्या कारखान्यात 'टाटानगर' नावाच्या चिलखती गाड्या बनल्या. मध्यपूर्वेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचा पुरवठा जमवायला दिल्लीत एक खास मंडळच बसलं होतं.

आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना यात संधी दिसली. म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत त्यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. दोन वर्षांच्या आत सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला आणि तिथे अमेरिकन विमानं दुरुस्त व्हायला लागली. तोच पुढे एचएएल. २००८ पर्यंत बंगलोरला ऑफिसच्या कामासाठी गेलेला प्रत्येक सॉफ्टवेअरवाला याच कारखान्याच्या धावपट्टीवर उतरलेला आहे. विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना काढला, त्याची पायाभरणी १९४१ मध्ये झाली, आणि पहिलं मोठं जहाज 'जल-उषा' पाण्यात उतरलं १९४८ मध्ये. मोटारींच्या कारखान्यालाही सरकारने युद्धात मदत दिली नाही. युद्धाला लागेल तेवढं बनवा, पण तुमचा स्वतःचा उद्योग उभा राहील असं काही नको, असा एकंदर नूर होता. क्लायंटला आपल्याकडून हात हवे असतात, प्रॉडक्ट नको असतं. हेही ओळखीचंच.

आता या मालाचं पेमेंट. १९३९ च्या अखेरीस लंडन आणि दिल्ली यांच्यात खर्चवाटणीचा करार ठरला. भारताच्या नेहमीच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा, त्यापलीकडचा, म्हणजे परदेशात लढणाऱ्या सैन्याचा आणि ब्रिटनसाठी घेतलेल्या मालाचा खर्च ब्रिटनने. कागदावर अगदी रास्त. गोम आहे ती पैसे देण्याच्या पद्धतीत. समजा ब्रिटिश सरकारने कानपूरहून एक लाख बूट घेतले. कानपूरच्या कारखान्याला रुपये हवेत. ब्रिटन काय करतं, तर लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर तेवढे पौंड जमा दाखवतं. आपली रिझर्व्ह बँक ते पौंड तारण धरून मुंबईत नव्या नोटा छापते, कायद्यात तशी सोय होतीच, आणि त्या नोटा कानपूरला जातात. बूट गेले लिबियाला. पौंड राहिले लंडनला, आणि ते युद्ध संपेपर्यंत हवे तसे काढता येणार नाहीत. देशात उरल्या काय, तर जास्तीच्या नोटा आणि कमी बूट.

हे पाच-सहा वर्षं, रोज, प्रत्येक वस्तूसाठी करत राहा. युद्धाच्या सुरुवातीला चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. १९४५ मध्ये त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. घाऊक किमती सरकारी आकड्यांनुसारच जवळजवळ अडीचपट झाल्या, आणि काळ्या बाजाराचे भाव सरकारी आकड्यांत येत नसतात. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी यांनी १९४३ मध्येच या युद्धकालीन अर्थनीतीवर पुस्तक लिहिलं. मुंबईत सी. एन. वकील ओरडून सांगत होते. म्हणजे हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. कर लावून किंवा कर्जरोखे विकून जेवढं जमलं नाही, ते महागाईने वसूल केलं. महागाई हा असा कर आहे की त्याला कायदा लागत नाही, आणि तो ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याकडून आधी वसूल होतो.

बंगालमध्ये तो जिवाने वसूल झाला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी आलेच तर त्यांना मिळू नयेत म्हणून किनारपट्टीवरच्या बंगालमधल्या होड्या आणि तांदळाचे साठे सरकारने काढून घेतले. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ. आणि कलकत्ता तर युद्धाचं कोठार, तिथे नोटांचा पूर. युद्धाच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्तात धान्य मिळत होतं, ते टिकले. गावातला शेतमजूर, कोळी, होडीवाला यांची मजुरी तिथेच राहिली आणि तांदूळ हाताबाहेर गेला. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवलं ते हेच, की प्रश्न नुसता तांदूळ किती होता हा नव्हता, तो विकत घेण्याची ताकद कुणाकडे उरली हा होता. दिल्लीहून धान्याची जहाजं मागितली जात होती, लंडनचं मंत्रिमंडळ जहाजं नाहीत म्हणत होतं किंवा मागितल्याच्या तुकडाभर देत होतं. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला, नंतरचे अभ्यासक तीस लाखांच्या आसपास धरतात. सैनिकांचे सत्त्याऐंशी हजार आणि हे तीस लाख. भारताच्या 'युद्धातल्या योगदाना'च्या यादीत हे तीस लाख कुणी लिहीत नाही. मला वाटतं लिहायला हवेत, सर्वांत वर.

मुंबई वाचली, कारण तिथे मे १९४३ मध्येच रेशनिंग सुरू झालं. आपल्याकडे घरोघरी लोखंडी कपाटात जपून ठेवलेलं रेशनकार्ड मुळात या युद्धाचं अपत्य. महागाई भत्ता हा शब्दही याच काळात रुजला. आणि भोकाचा पैसा! आजी-आजोबांच्या डब्यात अजून सापडतो. १९४३ पासून तांबं वाचवायला पैशाच्या मधोमध चक्क भोक पाडलं. रुपयातली चांदी त्याआधीच, १९४० मध्ये, निम्म्यावर आणली होती. मधला तो भोकाचा पैसा हातात घेतला की मला त्या सगळ्या अर्थव्यवस्थेचं चित्र दिसतं.

याच सुमारास कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित येऊन राहिले होते, रशियातल्या छावण्यांतून सुटलेली बायकामुलं. १९४८ पर्यंत होते. स्वतःच्या ताटात कमी असताना आपल्या लोकांनी त्यांना जागा दिली. हे सांगायचं राहून जाऊ नये म्हणून इथे घुसवतोय.

मुंबईची वेगळी किंमत १४ एप्रिल १९४४ ला चुकती झाली. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, आणि वर कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या. शिवाय रिझर्व्ह बँकेसाठी आलेल्या सोन्याच्या १२४ विटा. सोनं कशाला? १९४३ पासून रिझर्व्ह बँक दोस्त राष्ट्रांचं सोनं मुंबईच्या बाजारात विकत होती, लोकांच्या हातातल्या जादा नोटा शोषून घ्यायला. म्हणजे त्या विटाही त्याच महागाईवरचा उतारा. कापूस पेटला, आणि दुपारी चारनंतर जहाज दोनदा उडालं. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. गोदीतली डझनभर जहाजं गेली, हजारो टन धान्य जळालं, मांडवीचा परिसर पेटला. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. एक सोन्याची वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली, त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. बाकीच्या विटा पुढे कित्येक दशकं गोदीचा गाळ उपसताना सापडत राहिल्या. (योगायोग बघा, त्याच दिवशी तिकडे धुळ्याजवळ चिमठाण्याला पत्री सरकारच्या मंडळींनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला.)

आता पुन्हा जुलै १९४४. यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात पडला, त्याच महिन्यात अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका आलिशान हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी युद्धानंतरच्या जगाची पैशांची व्यवस्था ठरवत बसले होते. ब्रेटन वुड्स परिषद, १ ते २२ जुलै. भारताचं शिष्टमंडळ अर्थसदस्य जेरेमी रेसमन यांचं. त्यात होते चिंतामणराव देशमुख, आदल्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले. महाडजवळच्या नाते गावचे. म्हणजे दोघेही एकाच कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव आणि महाड यात आज गाडीने जेमतेम तासाचं अंतर. एक जण ऐन विशीत काम संपवून मोकळा झाला, दुसरा त्या कामाचं बिल घेऊन दारात उभा.

बिल केवढं? युद्धापूर्वी भारत ब्रिटनचा ऋणको होता. ते कर्ज बहुतेक सगळं फिटून उलट ब्रिटनच भारताचं देणं लागत होता. युद्ध संपेपर्यंत हा आकडा सुमारे १३० कोटी पौंडांवर गेला, रुपयांत १,७३३ कोटी. तुलनेसाठी, टाटा-बिर्ला वगैरे उद्योगपतींनी १९४४ मध्ये देशाच्या विकासाची जी 'बाँबे प्लॅन' मांडली, तिच्यात या पौंडांतले हजार कोटी रुपये परदेशी यंत्रसामग्रीसाठी गृहीत धरले होते. आपलं पहिलं स्वप्नच या उधारीच्या भरवशावर होतं.

ब्रेटन वुड्सला भारताची मागणी साधी होती. या पौंडांपैकी काही भाग तरी डॉलरमध्ये बदलून मिळावा, अशी सोय नव्या नाणेनिधीत करा. शिष्टमंडळातले ए. डी. श्रॉफ म्हणाले, आमची गत बँकेत दहा लाख डॉलर असलेल्या पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नसलेल्या माणसासारखी आहे. सभागृहाने ऐकून घेतलं, आणि नाही म्हटलं. ब्रिटनतर्फे केन्स यांनी हे देणं आम्ही सन्मानाने फेडू असा शब्द दिला. तिकडे चर्चिल यांचं म्हणणं वेगळंच होतं. आम्ही भारताचं जपानपासून रक्षण केलं, त्याचं उलट बिल आम्हीच का लावू नये! सुदैवाने फेडायची वेळ आली तेव्हा ते सत्तेवर नव्हते.

देणं बुडवलं नाही, हे ब्रिटनच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण फेडलं ते हप्त्याहप्त्याने, आणि वजावटी करून. १९४८ च्या करारात ब्रिटिशांनी जाताना भारतात सोडलेल्या लष्करी सामानापोटी दहा कोटी पौंड वळते करून घेतले. भारतात नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद म्हणून आणखी सोळा कोटींहून जास्त. पाकिस्तानचा वाटा गेला. मग सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, ४ डॉलरचा पौंड २ डॉलर ८० सेंटवर आला, आणि डॉलरमध्ये मोजलं तर आपलं येणं एका रात्रीत जवळपास एक तृतीयांशाने आटलं. आपण रुपयाचंही सोबत अवमूल्यन केलं, दुसरा इलाज नव्हता.

उरलेले पौंड दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलादाच्या आणि यंत्रांच्या आयातीत भराभर संपले. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची तिजोरी रिकामी व्हायला लागली. ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेने भारताला कर्ज देणाऱ्या देशांचा एक गट बोलावला. अमेरिका, पश्चिम जर्मनी, कॅनडा, जपान आणि ब्रिटन. अर्थमंत्री तेव्हा चिंतामणराव नव्हते. त्यांनी १९५६ मध्येच मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन नेहरूंना चार शब्द सुनावले होते, पण ती कथा पुन्हा कधीतरी, एखाद्या लाँग वीकेंडला.